नायलॉन की रेडियल?

जुन्या प्रीमियर पद्मिनीचे टायर गोटा झाले की मालकाला दोन सल्ले हमखास मिळतात. टायरच्या दुकानात सांगतात, "आता नायलॉन कोण वापरतं? सरळ रेडियल टाका." जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात भेटणारा जाणकार मात्र नाक मुरडतो. कंपनीने ५.२०-१४ मापाचा क्रॉस-प्लाय दिला होता, तोच हवा, रेडियल घातला की गाडीचा अस्सलपणा गेला, असं त्याचं म्हणणं. हे दोघं एकमेकांचे विरोधक वाटतात, पण टायर ही गाडीला वरून चढवायची सुटी वस्तू आहे हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. एकाला ती नवी हवी, दुसऱ्याला जुनी. वस्तुस्थिती अशी की टायर हा सस्पेन्शनचाच शेवटचा, रस्त्याला टेकणारा भाग आहे. स्प्रिंग, शॉक-ॲब्सॉर्बर, चाकांचे कोन, स्टिअरिंगचा जडपणा हे सगळं आखताना अभियंत्याच्या समोर एका विशिष्ट प्रकारचा टायर असतो. म्हणून कोणता टायर घालावा याचं उत्तर शोधायला त्या गाडीचा सांगाडा कोणत्या काळात, कोणत्या टायरवर आखला गेला इथून सुरुवात करावी लागते. ती गाडी आज कुठे आणि किती पळणार आहे, हा दुसरा प्रश्न. दुकानदाराचा आणि जाणकाराचा सल्ला कधी बरोबर आणि कधी चूक, ते या दोन प्रश्नांवरून ठरतं.

मधोमध कापलेला टायर पाहिला तर दोन्ही जातींमधला फरक सहज दिसतो. क्रॉस-प्लायमधले दोर बहुधा नायलॉनचे असतात, म्हणून आपल्या बाजारात त्याला नायलॉन टायरच म्हणतात. त्यात रबरात बुडवलेल्या दोरांचे थर एकावर एक तिरके बसवलेले असतात. एका थरातले दोर उजवीकडे कललेले, त्यावरच्या थरातले डावीकडे, आणि टायरच्या मध्यरेषेशी त्यांचा कोन साधारण ३० ते ४० अंशांचा. हेच थर एका बीडिंगपासून, म्हणजे टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या कडेपासून, निघतात, बाजूची भिंत चढतात, नक्षीखालून जातात आणि पलीकडच्या बीडिंगला उतरतात. म्हणजे भिंत आणि माथा एकाच विणीत अडकलेले. जुन्या इमारतींतल्या लिफ्टला जाळीचा सरकता दरवाजा असे. तो आडवा ओढला की त्याच्या प्रत्येक चौकटीचा कोन बदलतो. नायलॉन टायर रस्त्याला टेकतो तिथे असंच घडतं. भिंत दबली की नक्षीखालच्या विणीचे कोन बदलतात, नक्षी जागच्या जागी आक्रसते, पसरते, घासते आणि तापते. रेडियलची रचना वेगळी. त्यात मुख्य दोर एका बीडिंगपासून दुसऱ्या बीडिंगपर्यंत सरळ आडवे, मध्यरेषेला काटकोनात जातात, आणि नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे स्वतंत्रपणे गुंडाळलेले असतात. भिंतीला दबायची मोकळीक मिळते आणि पट्टे माथ्याला सपाट धरून ठेवतात. नक्षी रस्त्यावर कमी वळवळते, त्यामुळे झीज कमी, उष्णता कमी, पेट्रोलही थोडं कमी लागतं. ओल्या रस्त्यावरची पकड चांगली मिळते. या गुणांबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही.

मग इतका सरस टायर सगळ्यांनी लगेच का स्वीकारला नाही? या प्रश्नाचं उत्तर आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. कल्पना तशी जुनी. लंडनच्या पामर टायर कंपनीतल्या ग्रे आणि स्लोपर या दोघांनी १९१३ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं, पण ते कागदावर राहिलं. फ्रान्सच्या मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४९ मध्ये 'एक्स' नावाने पोलादी पट्ट्याचा रेडियल बाजारात आणला. हे मिशेलिनलाच जमलं यामागे एक व्यावहारिक कारण दिसतं. सिट्रोएनचं दिवाळं निघाल्यावर, १९३० च्या दशकाच्या मध्यापासून ती मोटार कंपनी मिशेलिनच्याच ताब्यात होती. टायर करणारे आणि गाडी करणारे एकाच घरातले. टायर बदलला तर सस्पेन्शनमध्ये काय बदलायचं, हे ठरवायला कोणाच्या दारात जावं लागत नव्हतं. इटलीत लान्चियाची ऑरेलिया रेडियलवर धावली, आणि ब्रिटनमध्ये १९६३ ची रोव्हर २००० रेडियल गृहीत धरूनच आखली गेली. अमेरिकेत मात्र उलटं चित्र होतं. डेट्रॉइटच्या मोठ्या गाड्यांची मऊ, डुलती चाल नायलॉनच्या लवचीकपणावर बेतलेली होती. रेडियल लावला की कमी वेगात तीच गाडी खडखडायची. शिवाय टायर कंपन्यांना नवी यंत्रसामग्री घ्यावी लागणार होती. म्हणून १९६७ मध्ये गुडइयरने 'पॉलिग्लास' हा मधला मार्ग काढला. त्यात तिरके थर तसेच ठेवून वर काचतंतूंचा पट्टा बसवलेला होता. कारखान्यातूनच रेडियल घेऊन निघणारी पहिली अमेरिकन गाडी, लिंकन कॉन्टिनेंटल मार्क ३, यायला १९७० साल उजाडलं. म्हणजे जगातल्या सर्वांत श्रीमंत मोटार उद्योगालाही गाडी न बदलता नुसता टायर बदलणं जमलं नाही. जुन्या गाडीचा मालक जेव्हा दुकानात चार रेडियल चढवून घरी जातो, तेव्हा डेट्रॉइटने वीस वर्षं टाळलेलं काम तो अर्ध्या तासात उरकत असतो.

त्याचे परिणाम वळणावर कळतात. स्टिअरिंग फिरवल्यावर चाकाचं तोंड ज्या दिशेला होतं, नेमक्या त्याच दिशेला गाडी जात नाही. रबर पिळवटतं आणि गाडी थोडी बाहेर सरकत वळते. या दोन दिशांमधल्या कोनाला अभियंते स्लिप अँगल म्हणतात. तेवढीच पकड मिळवण्यासाठी नायलॉनला हा कोन मोठा लागतो. तो हळूहळू वाढतो, टायर ओरडायला लागतो, गाडीचा मागचा भाग सावकाश सरकतो, आणि चालकाला सावरायला वेळ मिळतो. रेडियल लहान कोनातच जास्त पकड देतो, पण एकदा मर्यादा ओलांडली की बहुधा एकदम सुटतो. आता युद्धापूर्वीची एखादी गाडी डोळ्यांसमोर आणा. पुढे आडवा, सलग लोखंडी ॲक्सल, वर पाट्यांच्या स्प्रिंगा, किंगपिनवर फिरणारी चाकं, उंच आणि जड बॉडी. टायर सरकायला लागला की बाजूचा जोर वाढायचा थांबतो, हा या सगळ्या जोडणीचा न लिहिलेला संरक्षक नियम होता. रेडियल तो नियम मोडतो. जास्त पकड मिळते म्हणून बॉडी जास्त कलते, किंगपिनवर, बेअरिंगवर आणि चाकाच्या आऱ्यांवर कधी आला नव्हता असा ताण येतो. आणि धोक्याची जी सूचना आधी मिळायची ती उशिरा मिळते, किंवा मिळतच नाही.

चाकांकडे तर विशेष पाहायला हवं, कारण तिथे चूक झाली तर ती दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. जुन्या पोलादी रिमवर रेडियल चढवल्यावर वळणावर व्हील कॅप उडून रस्त्याच्या कडेला गडगडत जाते, हा अनेक देशांतल्या मालकांचा अनुभव आहे. लोक कॅपची क्लिप सैल झाली म्हणून ती बदलत बसतात. खरं तर रिमच वाकते आहे आणि त्या वाकण्याने कॅप निसटते आहे. पन्नास-साठ वर्षं गंजलेली, ठोकून सरळ केलेली रिम अशी रोज वाकत राहिली तर नटांच्या भोकांपासून तडे जाऊ लागतात. तारेच्या आऱ्यांच्या चाकात हाच ताण आऱ्यांच्या मुळाशी जातो. लाकडी आऱ्यांची चाकं असतील तर रेडियलचा विचारही करू नये. फोर्डच्या मॉडेल टीसारख्या गाडीत तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. तिच्या सुरुवातीच्या रिमा टायरची कड आत अडकवून धरणाऱ्या जुन्या पद्धतीच्या असतात, आणि आजचा रेडियल त्यांवर बसतच नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. आजच्या वाहतुकीत पुढची गाडी डिस्क ब्रेकवर झटक्यात थांबते, अशा वेळी नव्वद वर्षांच्या गाडीला कमी पकडीचा टायर देणं हा जिवाशी खेळ नाही का? आक्षेपातली काळजी खरी आहे, पण तिचा रोख चुकीच्या भागावर आहे. मॉडेल ए फोर्डचे ब्रेक सळ्यांनी ओढले जाणारे, यांत्रिक. त्या ब्रेकची ताकदच बेताची असते. ब्रेक कमी पडत असताना टायरची पकड वाढवून थांबण्याचं अंतर फारसं घटत नाही. आणि नायलॉनचा सर्वांत मोठा दोष, म्हणजे वेगात तापणं, तो रविवारी सकाळी ताशी ४०-५० किलोमीटरने चालणाऱ्या गाडीत डोकं वर काढतच नाही. शिवाय आज मिळणारा जुन्या धाटणीचा नायलॉन टायर जुन्या साच्यातून निघाला असला तरी त्यातलं रबर आजचं असू शकतं, आणि ओल्या रस्त्यावरच्या पकडीत रबराच्या मिश्रणाचा वाटा दोरांच्या रचनेइतकाच असतो. म्हणून युद्धापूर्वीच्या गाडीसाठी माझा कौल नायलॉनला. इथे जाणकार बरोबर आहे, जरी त्याचं कारण शोभेचं असलं तरी.

पद्मिनी आणि अँबेसेडरकडे आलं की मात्र पारडं फिरतं. पद्मिनीचं मूळ फिॲट ११०० ही १९५३ ची गाडी. पुढची चाकं एकमेकांपासून स्वतंत्र, कॉइल स्प्रिंगवर, ब्रेक हायड्रॉलिक, चाकं दाबून केलेल्या पत्र्याची, वजन ९०० किलोच्या आसपास. युरोपात रेडियल पसरला त्याच दशकातला हा सांगाडा आहे. अँबेसेडरचं मूळ मॉरिस ऑक्सफर्डही त्याच काळातलं. आपल्याकडे या गाड्या युरोपात बंद पडल्यानंतरही कित्येक वर्षं निघत राहिल्या. अँबेसेडरचं उत्पादन २०१४ पर्यंत चाललं. मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. सांगायचा मुद्दा असा की या गाड्यांचं आयुष्य रेडियलच्या युगातच गेलं, आणि आजही त्या संग्रहालयात कमी आणि रस्त्यावर जास्त असतात. पद्मिनी घेऊन कोणी पुण्याहून मुंबईला निघाला तर त्याला द्रुतगती मार्गाचं तापलेलं काँक्रीट लागतं, आणि बाजूने ताशी १०० ने जाणारी वाहतूक. तिथे सलग तासभर ७०-८० च्या वेगाने, चार माणसं आणि सामान घेऊन, मे महिन्याच्या दुपारी चालायचं असेल तर टायर किती तापतो हा पहिला प्रश्न असतो, आणि त्यात नायलॉन हरतो. हवा थोडी कमी असेल तर आणखीच. पावसाळ्यात घाटात, चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला ओल्या डांबरावर मिळेल तेवढी पकड हवीच असते. एवढी एक किंमत मोजावी लागते की गाडी उभी असताना स्टिअरिंग थोडं जड लागतं आणि बारीक खड्डे जास्त जाणवतात. मोबदल्यात नायलॉनच्या दोन खोडी जातात. एक म्हणजे रस्त्यातल्या खाचा आणि पट्टे धरून इकडेतिकडे भरकटणं. दुसरी, रात्रभर उभ्या गाडीचा टायर जमिनीला टेकलेल्या जागी चपटा होऊन सकाळी पहिले काही किलोमीटर धप-धप करणं.

मात्र "रेडियल टाका" म्हणणारा दुकानदार जे माप हातात देतो, तिथे बहुतेक घोटाळा होतो. १४ इंची रिम आहे ना, मग १६५/६५ चालेल, असं तो म्हणतो, कारण ते त्याच्याकडे शिल्लक असतं. कागद-पेन्सिल घेऊन पाहा. ५.२० म्हणजे टायरची रुंदी ५.२० इंच, सुमारे १३२ मिलिमीटर. जुन्या मापात बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या साधारण ९५ टक्के धरतात, म्हणजे १२५. वर-खाली मिळून २५०, त्यात १४ इंची रिमचे ३५६ मिळवले की चाकाचा पूर्ण व्यास झाला ६०६. रेडियलच्या १५५/८० मध्ये भिंत १२४ ची, व्यास ६०४. जवळपास तंतोतंत. १६५/६५ मध्ये भिंत १०७ ची, व्यास ५७०. गाडी १८ मिलिमीटर खाली बसते, चाकाच्या कमानीत ओकंबोकं दिसतं, इंजिन प्रत्येक वेगाला सहा टक्के जास्त फिरतं, आणि स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ७५ ने चाललेली असते. आधीच धापा टाकणाऱ्या ११०० सीसीच्या इंजिनावर हा अन्याय आहे. म्हणून जुन्या गाडीला रेडियल घ्यायचा तो उंच भिंतीचा आणि अरुंद. रुंद टायर अरुंद रिमवर चिमटला जातो, त्याची भिंत फुगते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आत घासतो की नाही हे गाडी बाहेर काढण्यापूर्वीच पाहायला लागतं. टायरवर लिहिलेली वजनाची क्षमता जुन्या टायरपेक्षा कमी असता कामा नये.

ट्यूबबद्दलही आग्रह धरायला हवा. बऱ्याच जुन्या रिमांना ट्यूबलेस टायरची कड जागेवर धरणारा उंचवटा नसतो, त्यामुळे हवा कमी झाली की वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. ट्यूब घालावीच लागते, आणि तीही रेडियलसाठी केलेली. रेडियलची भिंत सतत दबते आणि उठते. नायलॉनसाठीची साधी ट्यूब त्यात घासून पातळ होते. पंक्चरवाला जुनीच ट्यूब "चांगली आहे की" म्हणून परत घालतो, तिथे नाही म्हणायचं धैर्य लागतं. हवेचा दाबही जुन्या माहितीपुस्तिकेतला जसाच्या तसा घेऊ नये, तो नायलॉनसाठी लिहिलेला आहे. त्याच वेळी रेडियलची भिंत थोडी फुगलेली दिसणारच. ती सरळ दिसावी म्हणून हवा भरत राहिलं तर नक्षी मधोमध झिजते.

अस्सलपणाच्या आक्षेपाला मी हलक्यात घेत नाही. जुनी गाडी जपणं म्हणजे ती कशी होती हे जपणं, आणि उंच, गोलाकार खांद्यांचा नायलॉन टायर त्या रूपाचा भाग आहे. पण हा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी कापतो. सिट्रोएन डीएसला नायलॉन घालणं तितकंच खोटं ठरेल, कारण ती गाडी मिशेलिन एक्सवरच जन्मली. आणि जी गाडी फक्त प्रदर्शनासाठी आहे तिच्याबाबतीत वाद संपतोच. २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीतल्या वाहनाला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, पण असं वाहन रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच ते रस्त्यावर येतं. अशा पद्मिनीला नायलॉन शोभतो आणि पुरतो. मधला मार्गही आहे. अमेरिकेतल्या चॅटनूगाची कोकर कंपनी आतून रेडियल आणि बाहेरून नायलॉनसारखे दिसणारे टायर करते. शुद्धतावादी त्यांना बहुरूपी म्हणतात. मला त्यात गैर काही दिसत नाही, फक्त चाकं आणि सस्पेन्शन रेडियल पेलणारी असली पाहिजेत.

रस्ता सोडून शेताच्या बांधावर, खडकाळ वाटेवर हळू चालणाऱ्या जुन्या विलिस किंवा महिंद्रा जीपला मात्र ६.००-१६ चा नायलॉनच द्यावा. तिथे वेग नसतो, दगड असतात, आणि नायलॉनची अनेक थरांची भिंत दगडाने सहजी फाटत नाही.

या सगळ्या चर्चेत सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते टायरच्या वयाकडे. सन २००० नंतरच्या टायरच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. रबराला चिरा पडू नयेत म्हणून त्यात मिसळलेली रसायनं टायर फिरताना, दबताना हळूहळू पृष्ठभागावर येतात. गाडी उभीच राहिली तर ती येत नाहीत, आणि हवेतला ओझोन भिंतीवर बारीक रेघा ओढायला लागतो. म्हणून सहा महिन्यांतून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीचे टायर रोजच्या गाडीपेक्षा आधी सडतात, आणि नक्षी कोरी करकरीत असल्यामुळे कोणाला शंका येत नाही. दहा वर्षं उलटलेला टायर कोणत्याही जातीचा असो, तो काढून टाकावा. पंचवीस वर्षांच्या अस्सल नायलॉनपेक्षा यंदाचा कोणताही योग्य मापाचा टायर बरा.

आणि जात निवडली की पाचही चाकांना एकच. एका ॲक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन ही जोडी चुकूनही नको. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन हे तर सर्वांत वाईट, कारण पुढची पकड जास्त आणि मागची कमी झाली की ओल्या वळणावर गाडी स्वतःभोवती गरकन फिरते. ब्रिटनमध्ये या दोन्ही गोष्टींना कायद्यानेच बंदी आहे. आपल्याकडे अशी मिसळ मुद्दाम कोणी करत नाही, ती स्टेपनीमुळे होते. चार नवे रेडियल घेताना डिकीतला जुना नायलॉन "राहू द्या" म्हणून ठेवला जातो, आणि खंडाळ्याच्या घाटात पावसात पंक्चर झालं की तोच बाहेर येतो. म्हणून दुकानात जाल तेव्हा पाचव्या टायरचेही पैसे बरोबर घेऊन जा.